कडेवरचा ठोका

त्या हिवाळ्यात दुकानातला तो कप्पा रिकामा पडला.
बावीसची काडतुसं आलीच तर माणशी एक डबी,
तीही सकाळी सातला बर्फात उभं राहिलात तर.
आर्व्हो दोनदा उभा राहिला.
तिसऱ्यांदा म्हणाला, "घरीच भरतो."

तळघरात त्याचं टेबल आहे, चाळीस वर्षांचं.
हरणाच्या रायफलीची काडतुसं तो तिथंच भरतो:
जळकी टोपी बाहेर, नवी आत,
दारू तोलून, शिसं बसवून,
दांडा खाली, दांडा वर.
मी वर पीठ मळत असते
आणि जमिनीखालून तो खटका येत राहतो.
मला कळतं, घर चालू आहे.

पण बावीसच्या पुंगळीला टोपी नसते.
तिची ठिणगी तिच्या कडेतच,
कारखान्यात भोवऱ्यासारखी गरगरवून पसरलेली,
दुमडलेल्या पितळेच्या आत,
जिथं सुईसुद्धा जायची नाही.
घोडा पडतो तो त्या कडेवर.
कड चेपते.
चेपली ती चेपली.

"तीच कड पुन्हा कशी पेटेल रे?"
"फिरवून घ्यायची. दुसरी बाजू कोरी असते की."
"आणि नंतर?"
तो हसला नाही. चष्मा पुसत बसला.

कुठूनसा संच मागवला त्यानं.
इवलासा साचा, त्याहून इवला चमचा,
आणि सूचना अशा बारीक अक्षरांत
की आम्ही दोघांचे चष्मे एकावर एक धरून वाचल्या.
अर्ध्या सूचना
काय करू नका याच्याच होत्या.

जानेवारीभर तो खाली.
एका रात्री काहीतरी फटकन वाजलं.
मी जिन्यात पोचले तेव्हा
तो अंगठा पाठीमागे धरून उभा होता.
"काही नाही, लेम्पी."
याच्या वडिलांनी तांब्याच्या खाणीत दोन बोटं ठेवली,
घरी येऊन तेही हेच म्हणाले होते.
या घरातलं "काही नाही"
मी लग्नाआधीपासून ओळखते.

हिशेब मी ठेवला, तो ठेवणार नव्हता म्हणून,
कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
एका संध्याकाळी आठ.
त्यातली तीन बोलली, एक खोकलं,
बाकीची गप्प.
एकाचं शिसं नळीतच अडकून बसलं,
ते काढायला दोन दिवस गेले,
शिवाय शेजारच्या ओस्कारीला पाजलेली कॉफी, अकरा कप.
आणि ज्याच्यासाठी हे सगळं,
तो ससा आमच्या सफरचंदाची साल सोलत होता,
पांढऱ्यात पांढरा,
घाई म्हणून नाही.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
इथवर मी सोसलं असतं.
पण मसाल्यात अंगठा पडला
तर त्याचा दर कुठल्या रकान्यात लिहायचा?
मी तो रकाना कोरा ठेवला
आणि कॅलेंडर त्याच्या ताटाशेजारी.

त्यानं वाचलं. वाटाण्याचं सूप संपवलं.
मग म्हणाला, "करता येतं, हे तर ठरलं."
"हो."
"परवडत नाही."
"हो."
खाली जाऊन त्यानं दिवा मालवला.

मार्चमध्ये डब्या आल्या.
साचा वरच्या फळीवर गेला,
बर्फावरच्या माझ्या जुन्या बुटांमागे.
पुंगळ्या मात्र टाकू देईना.
कॉफीचा डबा भरून आहेत,
प्रत्येकीच्या कडेवर एक खड्डा,
काहींवर दोन, समोरासमोर.

ईस्टरला नात आली, ब्रेन्ना.
डब्यातली एक उचलून ओठाशी धरली, फुंकली,
आणि अशी शीळ निघाली
की सौनामागून कुत्रा धावत आला.
"आजोबा, ही चालते अजून!"

आर्व्होनं ती हातात घेतली,
नखानं खड्डे चाचपले.
जेवणं झाल्यावर, अंगणात कुणी नाहीसं पाहून,
त्यानंही फुंकून बघितलं. मी खिडकीत होते.
आवाज आला नाही.
दात नवे आहेत त्याचे.